सुगरणीचे कोडे आणि सलीम अली

पावसाळा सुरू झाला की विहिरीवर वाकलेल्या बाभळींना, ओढ्याकाठच्या झुडपांना आणि शिंदीच्या उंच झावळ्यांना गवताची लांबट घरटी लोंबू लागतात. वरचा भाग निमुळता, मध्ये फुगीर पोट आणि खाली लोंबणारी नळी, अशी त्यांची ठेवण असते. वाऱ्याबरोबर ती हेलकावे खातात. पण पाऊस कितीही कोसळला तरी सहसा तुटून पडत नाहीत. ही सुगरण पक्ष्याची घरटी होत. चिमणीएवढा हा पक्षी इतर महिन्यांत डोळ्यांत भरण्यासारखा नसतो. विणीचा हंगाम आला म्हणजे मात्र नराचा माथा व छाती पिवळीजर्द होते, गालांवर व गळ्यावर काळसर तपकिरी रंग चढतो आणि हिरव्या भाताच्या शेतावरून तो उडत गेला तर सोन्याची नाणी उधळल्याचा भास होतो.

आपल्या भाषेने ह्या पक्ष्याला हाताला कसब असलेल्या गृहिणीचे नाव दिले. नाव मोठे गोड आहे. परंतु ते देताना बायकांच्या वाट्याचे नसलेले काम त्यांच्या नावावर जमा झाले. घरटे विणतो तो नर. मादी ते पाहते, पारखते आणि पसंत पडले तरच आत पाऊल टाकते.

ही गोष्ट आज सर्वांना ठाऊक आहे. पूर्वी ती इतकी स्पष्ट नव्हती. ज्या झाडावर वीसपंचवीस घरटी लोंबत असत, त्याच झाडावर तळ नसलेली, शिरस्त्राणाच्या आकाराची अर्धवट घरटीही दिसत. ती कशासाठी, ह्याविषयी लोक नाना तर्क करीत. घरट्याच्या आत ओल्या मातीचे लपके आढळत. सुगरण त्यांत काजवे चिकटवून रात्री घरात उजेड करते, अशीही एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. कथा सुंदर होती, पण पावसात बसून ती खरी की खोटी हे पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नव्हती. ती घेणारा मनुष्य १९३० साली कुलाबा जिल्ह्यातील किहीम ह्या समुद्रकाठच्या गावी येऊन राहिला. त्या वेळी त्याला नोकरी नव्हती.

सलीम अली ह्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम ह्यांना मूलबाळ नव्हते; त्यांनी ह्या पोरक्या मुलांना खेतवाडीतील आपल्या घरी मायेने वाढविले. घर माणसांनी गजबजलेले होते. मामांना शिकारीचा नाद होता, तेव्हा भाच्याच्या हातात लवकरच छर्‍यांची बंदूक आली. पक्ष्यांवर प्रेम करणारा हा पुरुष प्रथम पक्षी मारण्यातच रमला होता, हे लपविण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःही ते कधी लपविले नाही.

सुमारे दहा वर्षांचा असताना सलीमने एक चिमणी पाडली. उचलून पाहतो तो तिच्या गळ्याखाली पिवळा डाग. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही खाण्यास योग्य आहे की नाही आणि मुळात ही कोण, असे दोन्ही प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांना उत्तर देता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते. त्यांनी भाच्याला संस्थेचे मानद चिटणीस मिलर्ड ह्यांच्याकडे धाडले.

साहेबाच्या कचेरीत पाय ठेवताना त्या मुलाची छाती धडधडली असेल ह्यात नवल नाही. परंतु मिलर्डसाहेबांनी त्याला हसून जवळ बसविले, चिमणी हातात घेऊन ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखविले. पुढे त्यांनी त्याला वाचावयास पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे काढून ते टिकविण्याची विद्या शिकण्याची सोयही करून दिली. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाचा प्रश्न क्षुल्लक मानला नाही, एवढीच ती गोष्ट. त्या दिवसाने सलीमच्या आयुष्याची दिशा ठरली.

त्याच सुमारास त्याने एक टिपण लिहून ठेवले होते. तबेल्याच्या भिंतीतील भोकात चिमणीची मादी अंडी उबवीत होती आणि नर बाहेरच्या खिळ्यावर पहारा करी. सलीमने गाडीआड दडून तो नर मारला. थोड्याच वेळात मादीने दुसरा जोडीदार मिळविला. त्याने तोही मारला. असे सात दिवसांत आठ नर पडले आणि दर वेळी त्यांची जागा नव्याने भरून निघाली. आज हे वाचताना आपल्याला वाईट वाटते. तरी त्यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: काय घडले, किती वेळा घडले आणि कोठे घडले हे त्या मुलाने जसेच्या तसे टिपून ठेवले होते.

शाळेत मात्र त्यांचे तेज पडले नाही. सतत डोके दुखत असल्यामुळे मध्यंतरी हवापालटासाठी त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे ठेवावे लागले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. झेवियर महाविद्यालयातील पहिले वर्ष जड गेले, तेव्हा ते शिक्षण सोडून ब्रह्मदेशातील तवॉय येथे घरच्या खाणीचा व इमारती लाकडाचा व्यवहार पाहण्यास गेले. तेथील रानात पक्षी पुष्कळ होते. धंद्याची बरकत काही झाली नाही. १९१७ साली परत येऊन ते व्यापारी कायदा व हिशेब शिकू लागले. झेवियरमधील फादर ब्लॅटर ह्यांनी त्यांचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. १९१८ च्या डिसेंबरात तेहमिना बेगम ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. पक्ष्यांचे ज्ञान होते, पण विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे सरकारी प्राणिविज्ञान खात्यातील जागा त्यांना मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, प्रेक्षकांना माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याचे काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील प्राध्यापक स्ट्रेसेमान ह्यांच्या हाताखाली शिकले. सलीम अली त्यांनाच आपले गुरू मानीत. पक्षी मारून, त्याला नाव देऊन खणात ठेवणे ही विद्येची सुरुवात आहे. तो जिवंतपणी काय करतो आणि का करतो हे शोधणे हा तिचा गाभा आहे, ही दृष्टी तेथे पक्की झाली.

१९३० साली ते परत आले, तो पैशाच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली. वय तेहतीस. नवी विद्या पदरात आणि उत्पन्न शून्य. मुंबईचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. म्हणून पतिपत्नी खाडीपलीकडे किहीमला राहावयास गेली.

किहीम आज रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात मोडते. नारळीपोफळीची आगरे, भातखाचरे आणि पश्चिमेला समुद्र, असा तो मुलूख. घराजवळच सुगरणींची एक वसाहत होती. दुसऱ्या एखाद्याने नोकरीसाठी अर्ज लिहीत पावसाळा काढला असता. सलीम अलींनी आडोसा केला, जवळ वही घेतली आणि ते त्या घरट्यांकडे पाहत बसले.

पाहत बसणे हे शब्द वाटतात तितके सोपे काम नाही. पक्षी माणसाच्या चाहुलीने बुजतो. म्हणून निरीक्षकाला हालचाल न करता तासन्‌तास बसावे लागते. बाहेर पाऊस, आत दमट उकाडा आणि डास. वसाहतीत नरांचा सारखा कलकलाट चाललेला. डझनभर पक्षी एकसारखेच पिवळे. त्यांतील कोणता नर कोणत्या फांदीवर, कोणत्या घरट्यावर काम करतो हे नजरेने धरून ठेवावयाचे आणि दिवसामागून दिवस तेच पुन्हा पडताळावयाचे. एक दिवस चुकला तर साखळीचा दुवा निखळतो.

त्यांना काय दिसले? नर प्रथम भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने खाच पाडतो, टोक चोचीत धरतो आणि उडतो. त्याबरोबर पात्याची लांब, ओली पट्टी सोलून निघते. अशा पट्ट्या फांदीला गुंडाळून, गाठी मारून तो आधी एक झुलते कडे तयार करतो. त्या कड्यात बसून पुढच्या बाजूला व मागच्या बाजूला विणकाम वाढवितो. चोच हीच त्याची सुई. एका पुऱ्या घरट्यासाठी तो पाचशेपर्यंत खेपा घालतो. सुमारे आठ दिवसांत शिरस्त्राणाचा आकार येतो. अंड्यांची खोली आणि प्रवेशाची नळी ह्यांच्या मधला उंबरठा तयार असतो, पण तळ व नळी अजून व्हावयाची असते.

येथे नर थांबतो. काम अर्धे टाकून तो घरट्याला उलटा लटकतो, पंख फडफडवितो आणि शीळ घालू लागतो. माद्यांचा थवा वसाहतीत उतरतो. एकेक मादी घरट्यात शिरते, पट्ट्या ओढून पाहते, फांदीचा आधार अजमावते आणि बहुधा उडून जाते. एखादीला घरटे पसंत पडले म्हणजे ती तेथेच राहते. मग नर पुन्हा कामाला लागतो. तळ भरतो, नळी विणतो आणि घर पुरे करून देतो. सगळे मिळून अठराएक दिवस लागतात. ज्या घरट्याला कोणीच पसंत केले नाही, ते तसेच अर्धे लोंबत राहते. अर्धवट घरट्यांचे कोडे ते हेच होते.

परंतु खरी मौज पुढे होती. मादी आत अंडी उबवू लागली की नर तेथे घुटमळत नाही. जवळच्याच फांदीवर तो दुसरे कडे बांधावयास घेतो. तेही शिरस्त्राणापर्यंत आणून पुन्हा थांबतो, पुन्हा शीळ घालतो. दुसरी मादी येते, पसंत करते. नर तेही पुरे करतो आणि तिसऱ्याकडे वळतो. अशा रीतीने एकाच हंगामात एक नर क्रमाक्रमाने दोनतीन संसार मांडतो. अंडी उबविणे आणि पिलांना भरविणे हे काम बहुतांशी मादीकडे राहते. म्हणजे नाव देणाऱ्यांचे अगदीच चुकले होते असेही म्हणता येत नाही. घर उभारतो नर, पण ते चालविते मादी.

मातीच्या लपक्यांचाही विचार करावा लागेल. नर घरटे अर्धे झाले असताना ओली माती आणून आतल्या बाजूस थापतो. वाऱ्यात घरटे फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असा एक तर्क आहे. काजव्यांचा दिवा मात्र कथेतच राहिला. वसाहतीतील घरटी पुष्कळदा झाडाच्या नैऋत्य वाऱ्याचा मारा नसलेल्या बाजूसच असतात, हेही तुम्हांला थोडे लक्ष दिल्यास दिसून येईल.

किहीमच्या ह्या निरीक्षणांवरील लेख १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि पक्षिशास्त्रज्ञांत सलीम अलींचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हा लेख झाला असता की नाही, कोण जाणे!

त्यानंतर त्यांनी स्थिर नोकरीचा नाद सोडला. हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा संस्थानांनी खर्चाची व्यवस्था करावी आणि आपण तेथील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी करावी, असा मार्ग त्यांनी काढला. राहुट्या, बैलगाड्या आणि आडरानांतील मुक्काम अशा त्या वर्षांत तेहमिनाबाई त्यांच्याबरोबर हिंडल्या. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. हा आघात सलीम अलींना फार जड गेला. पुढे ते बहीण व मेहुणे ह्यांच्या घरी राहू लागले आणि कामात बुडाले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. ज्याला शास्त्राचे शिक्षण नाही अशा मनुष्यालाही अंगणातील पक्षी ओळखता यावा, असे ते सोपे व नेमके पुस्तक होते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य मलायात उतरल्यावर जे लोक तेथून निघाले, त्यांत लोक वान थो हे सिंगापूरचे एक श्रीमंत तरुण व्यापारी होते. ते भारतात आले आणि त्यांची व सलीम अलींची गाठ पडली. लोक हे पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यात निष्णात होते. त्यांच्या संगतीने सलीम अलींनाही ह्या कलेची गोडी लागली आणि दोघांनी कच्छपासून सिक्कीमपर्यंत पुष्कळ प्रवास केला.

त्या काळी पक्ष्याचे छायाचित्र घेणे म्हणजे एक मोहीमच असे. कॅमेरा जड, तिकाटणे जड आणि दूरचे जवळ आणणारी भिंगे आजच्यासारखी समर्थ नव्हती. म्हणून घरट्याच्या अगदी जवळ मचाण बांधून त्यावर कापडाचा आडोसा करावा लागे. तो एकदम जवळ उभा केला तर पक्षी घरटे सोडून जाण्याची भीती. म्हणून प्रथम लांब उभारून थोडाथोडा पुढे सरकवावयाचा. आडोशात दोघांनी शिरावयाचे आणि एकाने बाहेर पडून निघून जावयाचे, ही एक जुनी युक्ती आहे. माणूस गेला असे समजून तो निर्धास्त होतो. सुगरणीच्या बाबतीत आणखी एक पंचाईत असते. तिचा हंगाम पावसाचा. उजेड अपुरा, आणि घरटे वाऱ्याने सतत झुलते. झडप किंचित जास्त वेळ उघडी राहिली की पिवळा माथा पुसट होऊन जातो. आणि पिलांची आई आडोशाला भिऊन दूर राहिली तर मात्र चित्र सोडून छायाचित्रकारानेच निघून जावयास हवे.

सुगरणीची ओढ सलीम अलींना किहीमपुरती नव्हती. फिनची सुगरण नावाचा, तिच्याहून थोराड आणि अधिक पिवळा असा एक भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याशी तराईत राहतो. एकोणिसाव्या शतकात ह्यूम ह्यांनी नैनितालजवळील कालाढुंगीच्या एका नमुन्यावरून त्याचे वर्णन केले. पुढे मात्र तो जणू नाहीसाच झाला. त्याच्या शोधात सलीम अली तराईच्या गवताळ रानांत हिंडले. कुमाऊँच्या तराईत तो पुन्हा सापडला आणि १९५९ साली क्रूक ह्या सहकाऱ्यासह लिहिलेली त्याची निरीक्षणे त्यांनी प्रसिद्ध केली. हा पक्षी घरटी टांगून न ठेवता झाडाच्या शेंड्यावर बांधतो आणि आसपासच्या फांद्यांची पाने खुडून टाकतो. आज तराईतील बरेचसे गवताळ प्रदेश शेतीखाली गेले आहेत आणि फिनची सुगरण अतिशय दुर्मिळ झाली आहे.

सलीम अलींची शरीरयष्टी लहानखुरी होती. पण वेगाची हौस दांडगी. मोटारसायकल हा त्यांचा आवडता छंद. १९५० साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते आपली सनबीम मोटारसायकल बोटीने युरोपात घेऊन गेले. वाटेत फ्रान्समध्ये एक धक्का बसला, जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर ते काही वेळा पडले. तरी गाडीवरूनच परिषदेला पोहोचले. हे गृहस्थ थेट भारतातून मोटारसायकल हाकीत आले, अशी तेथे वदंता उठली. ती खरी नसल्याबद्दल त्यांना थोडी हळहळच वाटली असावी.

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशावाचून अडचणीत आली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळविली. भरतपूरचे पाणथळ रान पक्ष्यांसाठी राखले जावे म्हणून त्यांनी खटपट केली. डिलन रिप्ले ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील सर्व पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ ह्या काळात पुरा केला. शेवटचा खंड निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण असा त्यांचा गौरव झाला. वन्यजीवरक्षणासाठी पॉल गेटी हे मोठे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. त्या रकमेतून निसर्गरक्षणासाठी एक निधी उभा राहिला. १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. आपल्या आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी चिमणीच घातली. गोव्यात मांडवीच्या काठी चोडण बेटावरील खारफुटीचे पक्षी अभयारण्य आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

अखेरची काही वर्षे कर्करोगाशी झुंजण्यात गेली. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.